खडकी नाल्यापुरती उंच जीप

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की आमच्या साताऱ्याच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत पहिला दिवस प्रवासाच्या गप्पांचा असतो. कुणी वेरूळ बघून आलेलं असतं, कुणी गोकर्ण महाबळेश्वर. यंदा फिरत फिरत पाळी माझ्यावर आली. "तुम्ही कुठं गेला होता बाई?" मी सांगितलं, "वऱ्हाडात. जीप उंच करायला." चित्रकलेच्या मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. थट्टा कसली डोंबलाची! पंधरा मिनिटं सांगत होते, तर मधेच एकजण म्हणाले, "पण वऱ्हाडात पाहण्यासारखं असं काय आहे हो?" तेव्हा माझं डोकं फिरलं आणि ठरवलं, की आता लिहूनच काढायचं. लिहिलेल्यात निदान मधे कुणी बोलत नाही.

माझं सासर इकडचं, पण माहेर अकोल्याचं, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरातलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिथंच राहतो. बरीच वर्षं सरकारी खात्यात ड्रायव्हर होता. मग लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेऊन त्यानं स्वतःचा धंदा मांडला. आमची एकुलती एक आत्या, गिरजाआत्या, अचलपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला पिंपळझरी नावाच्या गावात असते. छप्पन साली आमचं सारं गोत बौद्ध झालं, तशी पिंपळझरीतली आमची घरंही झाली. त्यांनी स्वतः विटा थापून, वर टिनाचे पत्रे घालून विहार उभा केला. विहार झाला, मूर्ती मात्र नव्हती.

मागच्या वर्षी अमरावतीहून प्लॅस्टरची मूर्ती नेली. अचलपूरपर्यंत बसमध्ये मांडीवर, पुढे बैलबंडीत. गावाच्या अलीकडे खडकी नाला आडवा येतो. पावसाळा सोडला तर पाणी घोट्याएवढं, पण पात्रात म्हशी बसल्यासारखे काळे धोंडे. त्यातल्या एका धोंड्यावरून बंडीचं चाक धाडकन उतरलं आणि मूर्तीचा गळा तुटला. काठावर गावातली इतरही माणसं उभी होती. त्यातलं कुणीतरी हसलं. आत्यानं ते ऐकलं, आणि वर्षभर तिला त्याचा विसर पडला नाही.

यंदा तिचा निरोप आला, की दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला मूर्ती आलीच पाहिजे. मोटारीत बसून, गावाच्या मोठ्या रस्त्यानं, दिवसाउजेडी, आणि अखंड. शिवाय कुणाच्या डोक्यावरून नाही. मूर्ती दोन वर्षांच्या पोराएवढी, आतून पोकळ. नाल्यापुरती एखादीनं डोक्यावर घेतली तर काय बिघडलं, असं मागे एकदा मीच तिला विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "या गावाचं काय काय आमी डोक्यावर नाई वाह्यलं सुमन? साहेबाची पेटी वाह्यली, पाटलाचं सरपन वाह्यलं, मेलेलं ढोर वाह्यलं. हे नाई. हे बसून येईल." 

दादा आधी एकदा नुसती जीप घेऊन नाला पाहून आला होता. जीप धोंड्यावर चढली, की तिचं पोट टेकायचं आणि चाकं जागच्या जागी फिरायची. म्हणजे जीप उंच करणं आलं. ती कशी करायची, हे ठरवण्यातच माझी सगळी सुट्टी गेली.

अकोला

अकोल्यापर्यंतचा प्रवास सांगत नाही. कोळशाचे कण डोळ्यांत गेले आणि कंबर मोडली, एवढं पुरे. घरी पोचले तर वहिनीनं कढीगोळे आणि जवसाची चटणी केली होती. साताऱ्याकडचे लोक आमटीला तिखट म्हणतात, तेव्हा मी गप्प बसते. वहिनीच्या चटणीचं बोट जिभेला लावलं तर त्यांना तांब्याभर पाणी लागेल. जेवताना शेजारची म्हातारी दारातूनच ओरडली, "काय वं सुमे, लय वाळली! सासरी खाऊ घालत नाई का तुले?" साताऱ्यात हाच प्रश्न विचारायला बायका आधी हवापाण्याचं बोलतील, मग मुलांचं, मग माझ्या तब्येतीकडे वळतील. आमच्याकडे दारातूनच तोफ. मला मात्र फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रहमान मिस्त्रीकडे गेलो. त्याचं वर्कशॉप म्हणजे चिंचेखालचा खड्डा आणि भोवती निम्म्या वऱ्हाडातल्या मेलेल्या ट्रकांचा लोखंडी पसारा. माणूस मोठा बोलका आणि त्याहून मोठा बढाईखोर. जीपखाली सरकून त्यानं आधी मलाच शिकवलं. गाडीचा सगळा भार लोखंडी पट्ट्यांच्या जुडीवर असतो. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. पाटे दबतात, म्हणून आपल्याला धक्का कमी बसतो.

"एक पाटा वाढवून देतो जुडीत," रहमान म्हणाला. "ट्रकचा. असली लोखंड. गाडी अशी खडी राहील की नाला तिले सलाम करेल."

"मूर्तीले धक्का बसंन ना पन," दादा म्हणाला.

"काय धक्का! बहनजी, माठ ठेवा मागं. नवा माठ. अमरावतीपर्यंत माठ वाचला तर मूर्ती वाचली. फुटला तर रहमानचं नाव बदला."

ही माठाची युक्ती मला पटली. त्यानं दिवसभर ठोकाठोक करून चारी जुड्यांत एकेक पाटा वाढवला. जीप खरंच ताठ उभी राहिली. वहिनीनं कुंभाराकडचा नवा माठ आणला, गोधडीत गुंडाळून मागे ठेवला आणि आम्ही निघालो.

अमरावती, राजापेठ

वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणीच्या बायका ओटीत कापूस भरून उभ्या, आणि रस्त्यावर जिनाकडे, म्हणजे कापसाच्या गिरणीकडे, जाणाऱ्या बंड्यांची रांग. काळी जमीन आणि तीवर तो पांढरा कापूस, डोळे निवतात. पण डोळे निवायला मान स्थिर लागते. रहमानच्या पाट्यानं आमची हाडं खिळखिळी केली. रस्त्यावर साधी सुपारी पडली असती तरी ती मला मणक्यात कळली असती. मूर्तिजापूरच्या अलीकडेच मागून खळ्ळ असा आवाज आला. मी वळून पाहिलंच नाही. 

राजापेठेत दादाच्या ओळखीचा वसंता मिस्त्री आहे. त्याला फुटका माठ दाखवला, तर त्याला कोण आनंद! "अकोल्याचं काम ना? मंग फुटनारच." अमरावतीच्या माणसाला अकोल्याची आणि अकोल्याच्या माणसाला अमरावतीची कुठलीच गोष्ट चांगली वाटत नाही, यात दोघांचंही एकमत आहे. वसंतानं सांगितलं, की पाटा वाढवणं हा अडाणीपणा. पाट्यांची टोकं ज्या कड्यांना लटकतात, त्यांना शॅकल म्हणतात. ती शॅकलं लांब करायची. पाटे मऊच राहतात आणि गाडी वर येते.

रहमानचे पाटे काढले, लांब शॅकलं बसवली. नवा माठ पाण्यानं गळ्यापर्यंत भरून मागे ठेवला आणि बडनेरा रस्त्याला चक्कर मारायला निघालो. धक्का म्हणाल तर एक नाही. पण बाप्पा, ती जीप डुलायला लागली! वळणावर अशी कलंडायची, की मी दादाच्या अंगावर आणि दादा दाराबाहेर. माठ फुटला नाही, आडवा झाला आणि सगळं पाणी माझ्या पायांवर. मला तर मळमळायला लागलं. परत येऊन मी वसंताला म्हटलं, "मिस्त्री, माठ आडवा झाला तर पाणी सांडतं. मूर्ती आडवी झाली तर गळा जातो." त्याचं तोंड उतरलं, पण हार मानेल तर तो अमरावतीचा कसला? डोकं खाजवत तो म्हणाला, "मंग तो अकोल्याचाच पाटा टाका. पन पाट्याले दोष नाई देऊन राहिलो मी. तुमची गाडी रिकामी आहे. ट्रकच्या पाट्यावर वजन पाह्यजे. वजन टाका, मंग पाहा कशी लोण्यावानी चालते."

शेजारीच सरकीचं दुकान होतं. सरकी म्हणजे कापसातलं बी, गुरांना घालतात. दुकानदाराकडून चार पोती तासाभरासाठी मागून घेतली आणि पुन्हा कडक पाटे, पुन्हा माठ, पुन्हा चक्कर. खरं सांगते, माठातलं पाणी हललं, पण सांडलं नाही. मला इतका आनंद झाला, की मी चालत्या जीपमध्ये टाळ्या वाजवल्या. मग दादा खाली उतरून वाकला, हातानं जमिनीपासूनची उंची पाहिली आणि तसाच बसून राहिला. वजनानं जीप होती तिथंच खाली आली होती.

झालं ते असं. जीप रिकामी ठेवली तर उंच राहते, पण मूर्ती फुटते. भरली तर मूर्ती वाचते, पण नाल्यात पोट टेकतं. आम्ही दोघं वसंताच्या बाकावर बसून आलूबोंडे खात होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. शेवटी दादा म्हणाला, "रस्त्यानं पोती ठेवू, नाल्यापाशी उतरवू."

"आणि नाल्यापलीकडे ती कोण नेणार? डोक्यावरून?"

 आत्याला आम्ही दोघंही चांगले ओळखतो.

मूर्तिकार दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. मूर्ती तयार होती. पांढरीशुभ्र, डोळे मिटलेले, ओठांच्या कडेला अगदी जरासं हसू. मागच्या वर्षीच्या हसण्याला हेच उत्तर आहे, असं मला वाटून गेलं. मूर्तिकार म्हणाले, "बाई, मागच्या खेपेपेक्षा गळ्यात जास्त काथ्या घातला आहे. पण प्लॅस्टर ते प्लॅस्टरच. आडवी ठेवू नका, आदळू देऊ नका." आम्ही ती रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, बसवली, वरून गोधडी बांधली, तोंड तेवढं मोकळं ठेवलं. पोती परत केली, कडक पाटे तसेच ठेवले. अचलपूरचा रस्ता डांबरी. दादानं जीप अशी हाकली, की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते आणि वळून बघत होते.

अचलपूर

अचलपूरला दादाच्या साडूकडे उतरलो. सकाळी संत्र्यांच्या पाट्या घेऊन माणसं बाजाराकडे चालली होती. आम्ही घरात पाऊल टाकायच्या आधीच साडूंनी संत्री सोलून हातात दिली. इकडे पाहुण्याला विचारायची पद्धतच नाही. "घेणार का?" असं विचारलं, तर पाहुण्याला वाटतं, देणाऱ्याच्या मनात नाही. मी साताऱ्याच्या सवयीनं "नको, नको" म्हटलं, तर साडूंचा चेहरा पडला. मग मी मुकाट्यानं चार संत्री खाल्ली.

तो पौर्णिमेचाच दिवस होता. साडूंनी एक मिस्त्री आणला. तो परतवाड्याला सागाची लाकडं वाहणाऱ्या ट्रकांची कामं करायचा. आमची सगळी कर्मकथा ऐकून तो म्हणाला, "एवढंच ना? भाऊ, आमचे ट्रक जंगलात कसे जातात? पाटा अन् आस, म्हंजे चाकाचा दांडा, यांच्या मधात सागाचा ठोकळा घालतो आमी. वर दोन मानसं बसवा नाईतर दहा, ट्रक खाली येत नाई." मला हे इतकं सरळ, इतकं सोपं वाटलं, की अकोला आणि अमरावतीत फुकट दिवस घालवले म्हणून मी दादावर चिडले. मूर्ती घरात ठेवली, ठोकळे तासले, लांब बोल्ट आणले. गल्ली गोळा झाली. सल्ला द्यायला कुणीही मागं नव्हतं. ठोकळे बसले, जॅक खाली घेतला, जीप टेकली.

टेकली ती टेकतच गेली. आम्ही सगळे बघतो आहोत आणि जीप आधीपेक्षा खाली! जणू कुणी तिला बसायला पाट दिला.

मिस्त्री आडवा होऊन खाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा कान धरूनच आला. ट्रकात पाट्यांची जुडी आसाच्या वर असते. मधे ठोकळा घातला, की गाडी वर जाते. या लष्करी जीपला जुडी आसाच्या खाली टांगलेली. मधे ठोकळा घातला, की जुडी खाली ढकलली जाते आणि तिच्यासोबत गाडीही. मिस्त्रीनं बघितलं नाही, दादानं बघितलं नाही, साडूंनी नाही, आणि चार दिवस पाटे आणि शॅकलं शिकून शहाणी झालेल्या मीही नाही. गल्लीतली माणसं पोट धरून हसली. दादानं हातातला पाना असा फेकला, की तो शेजारच्यांच्या कोंबड्यांत जाऊन पडला. "बंद करा हे! मी नाई जात!" असं ओरडून तो ओट्यावर जाऊन बसला.

मला हसू येत होतं आणि रडूही. कारण पिंपळझरीला आत्या सकाळपासून नाल्यावर येऊन उभी राहणार, हे मला पक्कं माहीत होतं. जुडी आसाच्या वर घेण्याचा उपाय मिस्त्रीनं सांगितला, पण त्याला वेल्डिंगचे दोन दिवस लागणार होते. ठोकळे काढून जीप होती तशी केली. मी मिस्त्रीला पाणी दिलं. बिचारा घामाघूम झाला होता.

त्या दिवशी अचलपूरचा बाजार होता. दुपार झाली, तशी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं परतीच्या वाटेला लागली. मी साडूंच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. टोपल्या, झोळ्या, बांगड्या भरलेले हात. त्यांतली दोन बायका थांबून मला म्हणाल्या, "तुमी गिरजाबाईची भाची नाई का? मूर्ती आली का?" त्या पिंपळझरीच्याच. एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वजनच हवं ना? मग पोती कशाला? नाल्यापाशी आपल्या पायांनी उतरणारं, आपल्या पायांनी पलीकडे जाणारं आणि परत चढून बसणारं वजन समोरून चाललं होतं.

"दादा!" मी ओट्यावर ओरडले. "ऊठ. सवाऱ्या घे."

तो आधी माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. मग त्याला समजलं आणि तो असा हसला, की सगळं घर बाहेर आलं.

खडकी नाला

पिंपळझरीची माणसं गोळा करायला वेळ लागला नाही. मोटारीत फुकट बसायला मिळतं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मधे मूर्ती, भोवती बायका, पुढे माणसं. शेवटची एक जागा उरली, तेव्हा काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना बघून बायका गप्प झाल्या. एकीनं माझ्या कानात सांगितलं, हे सखारामबुवा, गावातले कुणबी, आणि मागच्या वर्षी हसणारे हेच.

"पाय लय दुखून राहिले माये," ते म्हणाले. त्यांनी मूर्तीकडे बघितलं, मग खाली. "बसू का? का नको?"

दादानं स्टेअरिंगवरची मूठ आवळलेली मला दिसली. मला राग आला होता, खोटं का बोलू? पण जीपला वजन कमी पडत होतं, हेही खरं. "बसा बुवा," मी म्हटलं. "पण मूर्तीला पाठ लावू नका, हात लावून धरा." ते मूर्तीला अगदी लागून बसले. वाटभर त्यांनी गोधडीचं एक टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

कच्चा रस्ता सुरू झाला, पण जीप वसंतानं सांगितलं तशी चालली. खड्डा आला की सगळी माणसं एकदम खाली आणि एकदम वर. बायका हसून हसून लाल झाल्या. आपापल्या बाजाराच्या गोष्टी, कुणाच्या सुनेच्या, कुणाच्या म्हशीच्या. त्या गलक्यात मूर्ती डोळे मिटून बसली होती. साताऱ्यात आम्ही मूर्ती नेताना इतकं बोललो नसतो, असं वाटलं. मग वाटलं, इतकं हसलोही नसतो.

नाल्याच्या पलीकडे सगळी वस्ती उभी होती. सर्वांत पुढे आत्या. पांढरं लुगडं, कमरेला काहीतरी घट्ट खोचलेलं. मला वाटलं, पानाची चंची असेल. आम्हाला बघून ती धोंड्यांवरून पाय देत अलीकडे आली. वय झालं तरी तोल तसाच.

वजन खाली उतरलं. रिकामी झालेली जीप वीतभर वर उठली. दादानं वाकून पाहिलं आणि मान डोलावली. पोट टेकणार नव्हतं. पण आता पाटे पुन्हा दगड झाले होते. धोंड्यांवर मूर्ती एकटी राहिली तर गळा गेलाच, हे आम्हा दोघांना माठानं शिकवलं होतं. कुणीतरी तिला धरून आत बसायला हवं होतं. मी पदर खोचला.

"तू सर," आत्या म्हणाली. "तुले धरता नाई येनार. मी बसतो."

पण जीप आता इतकी उंच, की आत्याचा पाय पायरीला पोचेना. दादा तिला उचलायला पुढे झाला, तर तिनं त्याचा हात झटकला. "मले नको उचलू. मी काय पोतं हाय का?" सगळे थांबले. एवढ्यात सखारामबुवा काठी टाकून खाली बसले, नाल्यातला एक सपाट धोंडा दोन्ही हातांनी लोटत लोटत आणला आणि जीपला टेकवला.  आत्या त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग धोंड्यावर पाय देऊन आत चढली.

तिनं गोधडी सोडली, मूर्ती मांडीवर घेतली, आणि तिचं डोकं आपल्या खांद्याशी असं धरलं, जसं दूध प्यालेल्या बाळाला धरतात. "चाल," म्हणाली.

मी चालत बरोबर होते. पहिला धोंडा गेला. दुसऱ्यावर जीप एका बाजूनं उचलली गेली, एक चाक हवेत, आणि पोटाखालून माझी वीत जाईल एवढीच फट. "हळू बे!" आत्या ओरडली. जीप धाडकन उतरली. आत्याचं डोकं वरच्या लोखंडी नळीवर आपटलं, खणकन आवाज आला. तिनं डोळे मिटून घेतले, पण हात सुटले नाहीत. तो धक्का तिच्या पाठीनं घेतला, मानेनं घेतला, मूर्तीपर्यंत तिनं जाऊ दिला नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्या पाण्यात जीप नाला ओलांडून पलीकडच्या काठावर चढली. वस्तीनं एकच आरोळी ठोकली. दादानं इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

सगळी माणसं पुन्हा जीपमध्ये बसली, कारण गावातल्या रस्त्यालाही खड्डे आहेत. ऊन अजून लख्ख होतं. गावाच्या मोठ्या रस्त्यानं, पाटलांच्या वाड्यावरून, देवळासमोरून जीप अगदी सावकाश गेली. माणसं दारांत येऊन बघत होती. कुणी हसलं नाही. आत्या पुढे बघत होती, एकदाही डावीउजवीकडे वळली नाही. कपाळावर टेंगूळ आलं होतं.

विहारात त्रिशरण पंचशील झालं. मूर्ती ओट्यावर बसवली, तर ओट्याची वीट एका बाजूनं खाली गेलेली, मूर्ती किंचित डुलायला लागली. दादा म्हणाला, खाली काहीतरी द्यावं लागेल. कुणी कागद शोधायला धावलं, कुणी लाकडाची ढलपी. आत्यानं कमरेचं ते खोचलेलं सोडवलं.

ती चंची नव्हती. ती चुंबळ होती. ओझं डोक्यावर घेण्याआधी खाली ठेवतात ती कापडाची गोल गुंडाळी. नवी कोरी, पांढऱ्या कापडाची, त्याच दिवशी वळलेली.

मी विचारलं, "आत्या, तू तर म्हणाली होतीस, डोक्यावरून नाही."

"म्हनलं होतं ना," ती म्हणाली. "पन तुमची मोटार फसली असती तर? मूर्ती का नाल्यात ठेवली असती मी?" तिनं चुंबळ हातात फिरवली. "आनली असती मी डोक्यावर. कोनाले नाई सांगितलं."

मग तिनं ती चुंबळ उलगडून चार पदरी घडी केली, मूर्तीच्या खालच्या बाजूला सारली आणि तळहातानं दाबून बसवली. दादानं मूर्तीला हात लावून पाहिलं. मूर्ती हलली नाही.